दोन डॉलरचा मुखवटा: स्वस्तातल्या स्लॅशरचा हिशोब

"हॉररवर एक एपिसोड कर ना" असे मेसेज बरेच दिवस येतायत, तर आज बसलोच. पण भूत, हडळ, चकवा यातलं आज काही नाही. आजचा विषय आहे स्लॅशर, आणि तोही कमी पैशातला. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. पाच-सात तरुण पोरंपोरी, एखादं आडबाजूचं घर किंवा कॅम्प, एक मुखवटेवाला, त्याच्या हातात सुरा नाहीतर कोयता. एकेक जण जातो. शेवटी एक मुलगी उरते. झालं, स्लॅशर.

गोष्ट एवढी साधी आहे की ती किरकोळ पैशात करता येते, आणि म्हणूनच ती इतक्यांदा केली गेली. मला हे सिनेमे आवडतात. हॉस्टेलवर एका लॅपटॉपभोवती आठ जण, निम्मे ओरडायला आणि निम्मे हसायला, असे मी ते पाहिलेत. पण नोकरी लागल्यापासून एक वाक्य सारखं कानावर पडतं: "पैसा कमी असला की डोकं जास्त चालतं." मीटिंगमध्ये ऐका, स्टार्टअपवाल्यांच्या मुलाखतींत ऐका. आणि पुरावा म्हणून हमखास असा एखादा सिनेमा पुढे करतात. बघा, एवढ्याशा पैशात केला आणि केवढे कमावले!

वाक्य खोटं नाहीये. पण हे सिनेमे कसे बनले त्याबद्दल जसजसं वाचत गेलो, तसतसं लक्षात आलं की या हिशोबाचा एकच कॉलम आपल्याला दाखवतात. जे पैसे खर्च झाले नाहीत, ते कोणीतरी दुसऱ्या कशाने तरी भरले होते. कोणी आणि कशाने, ते आज बघू.

सुरुवात चांगल्या बाजूने करतो, कारण चांगली बाजू खरंच भारी आहे.

१९७८ साल. लॉस एंजेलिसजवळचं साउथ पासाडेना. जॉन कार्पेंटर नावाचा तिशीतला दिग्दर्शक, त्याची सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिल, आणि पैसे लावणारा मुस्तफा अक्कड. हा अक्कड मूळचा सीरियातल्या अलेप्पोचा, इस्लामच्या सुरुवातीच्या काळावर 'द मेसेज' नावाचा भव्य सिनेमा केलेला माणूस. त्या मानाने इथे त्याने काढून दिले सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास. शूटिंगला जेमतेम वीस दिवस. सिनेमाचं नाव 'हॅलोविन'.

आता गंमत बघा. गोष्ट घडते ३१ ऑक्टोबरला, इलिनॉय राज्यातल्या एका काल्पनिक गावात, ऐन पानगळीत. शूटिंग मात्र कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत. झाडं हिरवीगार. मग यांनी काय केलं? पोती भरून पानं आणली, ती पानगळीच्या रंगात रंगवली, शॉटच्या आधी रस्त्यावर पसरली, आणि शॉट झाला की युनिटमधल्या लोकांनी ती परत गोळा केली. कारण पुढच्या शॉटलाही तीच पानं लागणार होती! पुढच्या वेळी सिनेमा पाहाल तेव्हा मागे बघा, एक-दोन ठिकाणी पामची झाडं दिसतात. इलिनॉयमध्ये पाम. तेवढं झाकायला पानं पुरली नाहीत.

आणि तो मुखवटा. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसने दुकानातून दोन डॉलरच्याही आत एक रबरी मुखवटा आणला. तो होता 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाचा चेहरा. त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला, केस विस्कटले. मायकल मायर्स तयार. आत उभा केला कार्पेंटरचा फिल्म स्कूलमधला मित्र निक कॅसल, दिवसाला पंचवीस डॉलरवर.

हा मुखवटा एवढा का चालला? माझं मत असं की त्यावर काहीच लिहिलेलं नाही म्हणून. राक्षसाच्या मुखवट्यावर राग असतो, दात असतात, म्हणजे तो काय विचार करतोय हे आपल्याला कळतं. इथे चेहरा कोरा आहे. तो समोर उभा राहतो, मान थोडी तिरकी करतो, आणि बाकीचं सगळं आपलं डोकं भरून घेतं. महागडा मुखवटा परवडला असता तर तो असा कोरा राहिला असता का, मला शंका आहे.

पैसे वाचवले, पण सगळीकडे नाही. कॅमेऱ्यावर यांनी कंजुषी केली नाही. रुंद पडद्याची पॅनाव्हिजन लेन्स घेतली, आणि अंगावर बांधून चालत चालत स्थिर शॉट घेता येतो असा, तेव्हा अगदी नवा असलेला कॅमेरा घेतला. रुंद फ्रेमचा फायदा असा की तिच्यात रिकामी जागा भरपूर असते. मुलगी डावीकडे फोनवर बोलतेय, उजवीकडे अर्धा पडदा मोकळा आहे, आणि आपण त्या मोकळ्या जागेकडे बघून घाबरतोय. तिथे बऱ्याचदा कोणीही नसतं. रिकाम्या जागेला भाडं लागत नाही, मेकअप लागत नाही. 'हॅलोविन'मध्ये रक्त जवळजवळ दिसतच नाही, हे खूप जणांना पुन्हा पाहिल्यावर कळतं.

संगीताचा किस्सा कार्पेंटरने स्वतःच लिहून ठेवलाय. संगीताशिवायचा सिनेमा त्याने एका मोठ्या स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला. त्या अजिबात घाबरल्या नाहीत. मग त्याने ठरवलं की आता याला संगीतानेच वाचवायचं. वादक परवडणार नव्हते, म्हणून स्वतःच बसला आणि तीनेक दिवसांत सिंथेसायझर-पियानोवर सगळं केलं. ती प्रसिद्ध धून पाच मात्रांच्या ठेक्यात आहे. तो ठेका त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवलेला. वडील संगीताचे प्राध्यापक होते. तबला शिकलेल्यांसाठी सांगतो. दुप्पट लयीत मोजलं तर दहा मात्रा होतात, आपल्या झपतालासारख्या. पण झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो आणि ही धून तीन-तीन-दोन-दोन. त्यामुळे आपण चालता चालता सारखे अडखळल्यासारखे होतो. हेडफोन लावलेच आहेत तर नंतर ऐकून बघा आणि बोटांवर मोजा.

एकट्या अमेरिकेत या सिनेमाने साडेचार कोटी डॉलरच्या वर धंदा केला. हा झाला आपल्याला नेहमी दाखवतात तो कॉलम.

आता चार वर्षं मागे जाऊ, टेक्ससला. 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर', दिग्दर्शक टोबी हूपर. सिनेमा आला १९७४ मध्ये, शूटिंग झालं १९७३ च्या उन्हाळ्यात. बजेट दीड लाख डॉलरच्याही आत. कथा सांगत नाही, नावातच आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या संग्रहात आज हा सिनेमा आहे, आणि माझ्या मते तो 'हॅलोविन'पेक्षाही मोठा आहे. यातही रक्त आपल्याला आठवतं त्याच्यापेक्षा फारच कमी दाखवलंय. पण बघताना अंगावर घाण चढल्यासारखी वाटते. ती घाण खरी होती. त्याचं असं झालं.

भाड्याची साधनं जितके कमी दिवस लागतील तितके पैसे वाचतात. म्हणून आठवड्याचे सातही दिवस शूटिंग, दिवसाला सोळा-सोळा तास. टेक्ससचा उन्हाळा म्हणजे आपल्या विदर्भाच्या मे महिन्यासारखं समजा, चाळिशीला टेकलेला पारा. लेदरफेसचं काम करणाऱ्या गनर हॅन्सनकडे कपड्यांचा एकच जोड होता. धुतला आणि रंग उतरला तर शॉट जुळणार नाहीत, म्हणून तो धुतलाच नाही. चार आठवडे. शेवटी शेवटी जेवायला त्याच्या शेजारी कोणी बसायचं नाही.

मग तो जेवणाच्या टेबलाचा सीन. आजोबांचं काम करणारा जॉन ड्यूगन विशीतला पोरगा होता. त्याला म्हातारा करायला मेकअपला तासन्‌तास लागायचे, आणि त्याने सांगितलं की हे मी पुन्हा करणार नाही. म्हणून त्याचे सगळे सीन एका दमात संपवायचे ठरलं. एक दम म्हणजे सव्वीस-सत्तावीस तास. रात्र दाखवायची म्हणून खिडक्या काळ्या कापडाने बंद. आत दिव्यांची धग, टेबलावर मांस, सजावटीला खरी हाडं. ते सगळं नासायला लागलं. लोक मध्येच बाहेर जाऊन उलट्या करून यायचे आणि परत उभे राहायचे.

त्याच सीनमध्ये मेरिलिन बर्न्सच्या बोटावर सुरी फिरवायची होती. सुरीला मागून नळी लावलेली, त्यातून नकली रक्त यायला हवं. नळी तुंबली. टेकवर टेक होत राहिले. शेवटी हॅन्सनने सुरीच्या धारेवर लावलेली पट्टी गुपचूप काढली आणि तिचं बोट खरंच कापलं. हे त्याने स्वतः नंतर सांगितलंय. सिनेमात ती जी किंचाळते, त्यातलं किती नाटक आहे आणि किती खरं, हे आपल्याला वेगळं काढता येत नाही. समीक्षक याला "कच्चा अस्सलपणा" वगैरे म्हणतात. मलाही तो सीन पाहताना तसंच वाटलं होतं, कबूल. पण ती नळी दुरुस्त करायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास बजेटमध्ये नव्हता, म्हणून तो तिच्या बोटातून वसूल झाला.

आणि पैसे? सिनेमा धो-धो चालला, कोट्यवधी डॉलर आले. नट-तंत्रज्ञांना पगार कमी दिला होता आणि बदल्यात नफ्यात वाटा कबूल केला होता. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर पगाराऐवजी स्टॉक ऑप्शन. पण वाटे आधीच इतक्या तुकड्यांत कापले गेले होते, आणि मधल्या वितरक कंपनीकडून खाली येणारी रक्कम इतकी थोडी होती, की बहुतेकांच्या हातात चिल्लर पडली. कोर्टकचेऱ्या झाल्या. काही वर्षांतच ती वितरक कंपनीही बंद पडली. आमच्या क्षेत्रातल्या ऐकणाऱ्यांपैकी काही जण आत्ता कसनुसं हसले असतील, मला माहितीये.

तर १९७८ पर्यंत दोन्ही नमुने समोर होते. नंतरच्यांनी काय उचललं? रिकामी जागा नाही उचलली. उचलला तो आकडा.

शॉन कनिंगहॅम नावाच्या निर्माता-दिग्दर्शकाने १९७९ मध्ये 'व्हरायटी' या धंद्याच्या पेपरात पानभर जाहिरात दिली: 'फ्रायडे द थर्टीन्थ', आजवरचा सगळ्यात भयंकर सिनेमा! तेव्हा सिनेमाची पटकथाही तयार नव्हती. आधी नाव, मग जाहिरात, मग गिऱ्हाइकांचे फोन, आणि त्यानंतर लेखन. लेखक व्हिक्टर मिलरने हे कधीच लपवलं नाही की 'हॅलोविन' चालतोय तर आपणही तसाच एक काढू, एवढाच विचार होता. बजेट साडेपाच लाख डॉलर, जागा न्यू जर्सीतला मुलांचा एक खराखुरा उन्हाळी कॅम्प.

पण एक फरक केला, आणि तो महत्त्वाचा. 'हॅलोविन'मध्ये न दाखवण्यावर भर होता, इथे दाखवण्यावर. त्यासाठी टॉम सविनीला आणलं. सविनी व्हिएतनाम युद्धात लष्करी फोटोग्राफर होता, खरी प्रेतं त्याने लेन्समधून पाहिली होती, आणि रबर-सिरपमधून तो काय करायचा ते बघून आजही थक्क व्हायला होतं. केव्हिन बेकन, तेव्हा कोणाला फारसा माहीत नसलेला, पलंगावर पडलाय आणि खालून बाण त्याच्या गळ्यातून वर येतो. प्रत्यक्षात बेकन पलंगाखाली गुडघ्यांवर बसलेला, फक्त डोकं भोकातून वर काढलेलं, आणि पुढे नकली मान-छाती जोडलेली. ऐन शॉटला रक्ताच्या पंपाची नळी निसटली. नकली मान एकच होती, दुसरा टेक शक्य नव्हता. सविनीच्या सहायकाने नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. म्हणून ते रक्त तसं बुडबुडत येतं. हा माझा सगळ्यात आवडता किस्सा आहे. जुगाड म्हणावा तर असा, कोणाचं नुकसान नाही. आणि याच सिनेमात एका सीनमध्ये साप मारतात. तो साप खरा होता, आणि तो खरंच मारला.

पॅरामाउंटसारख्या बड्या स्टुडिओने हा सिनेमा उचलला आणि मे १९८० मध्ये अमेरिकेतल्या हजारावर थिएटरांत एकदम लावला. कमाई जवळपास चार कोटी डॉलर. इथून पूर आला. कॅलेंडर घेऊन बसले जणू: व्हॅलेंटाइन डे, ख्रिसमस, एप्रिल फूल, वाढदिवस, पदवीदान, प्रॉम. आपल्याकडे असते तर कोजागरीसुद्धा सोडली नसती.

यातले कितीतरी सिनेमे कॅनडात का बनले, हे मला बरेच दिवस कोडं होतं. उत्तर टॅक्समध्ये आहे. तिथल्या सरकारने सत्तरच्या दशकाच्या मध्यात नियम केला की कॅनडियन सिनेमात गुंतवलेली सगळीच्या सगळी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येईल. म्हणजे डेंटिस्ट-वकील मंडळींना सिनेमा चांगला होवो न होवो, फायदाच. 'प्रॉम नाइट', 'टेरर ट्रेन', 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' हे त्याच काळातले. शेवटचा मला मनापासून आवडतो. नोव्हा स्कोशियातल्या खऱ्या कोळसा खाणीत शूट केलाय, आणि त्यातली माणसं खाणीत राबणारी वाटतात. त्याचा एक किस्सा आहे. ती जुनाट खाण बघून युनिट खूश झालं होतं. शूटिंगला परत आले तर गावकऱ्यांनी, पाहुणे येणार म्हणून, खाण झाडून-पुसून रंगवून ठेवलेली! परत मळकी करायला पैसे गेले.

पण बाकीच्यांचं काय? खरं सांगायचं तर यातले बहुतेक सिनेमे बघवत नाहीत. तीन गोष्टी झाल्या. पहिली, मरणं हे सिनेमाचं मोजमाप झालं. दर दहा मिनिटांनी एक, त्यामुळे मधली माणसं लिहायची गरजच उरली नाही. पात्र म्हणजे रांगेत उभं असलेलं प्रेत. 'हॅलोविन'मधल्या मुलींच्या गप्पा आजही कानाला खऱ्या वाटतात, कारण त्या मुख्यतः डेब्रा हिलने लिहिल्या होत्या. ते काम फुकटात होत नाही, त्याला वेळ लागतो, आणि नकलांमध्ये सगळ्यात आधी तेच कापलं गेलं. दुसरी, प्रकाशयोजना. अंधार कार्पेंटरने आखला होता. इथे तो दिवे नसल्यामुळे होता. फरक दोन मिनिटांत कळतो.

तिसरी गोष्ट जरा थांबून बोलू. सविनीसारखा माणूस परवडत नसेल तर पडद्यावर काय दाखवायचं? पडद्यावर सगळ्यात स्वस्तात मिळणारा इफेक्ट म्हणजे उघडं शरीर. बाईचं. आंघोळ करणारी, कपडे बदलणारी मुलगी, मग तिच्यामागे कॅमेरा, आणि कॅमेरा म्हणजे खुनी. नव्या, नाव नसलेल्या नट्यांना नाही म्हणायची सोय नसायची. पुरुषांचं मरण झटकन उरकायचं आणि बायकांचं लांबवायचं, हेही नियमासारखं झालं. १९८० मध्ये जीन सिस्कल आणि रॉजर ईबर्ट या दोन समीक्षकांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमाचा एक अख्खा भाग याच विषयावर केला. त्यांचं म्हणणं होतं की हे सिनेमे प्रेक्षकाला खुन्याच्या डोळ्यांमागे बसवतात आणि स्वतंत्र वागणाऱ्या मुलींना शिक्षा देतात. 'हॅलोविन'ला मात्र त्यांनी यातून वगळलं. सिस्कल तर 'फ्रायडे...'वर एवढा भडकला होता की परीक्षणात त्याने मुद्दाम खुनी कोण ते फोडून टाकलं!

याला उत्तर आलं ते अनपेक्षित ठिकाणाहून. बर्कलेला मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन साहित्य शिकवणाऱ्या कॅरल क्लोव्हर या प्राध्यापिका हे सिनेमे ढिगाने बघत होत्या. १९८७ मधल्या निबंधात आणि १९९२ मधल्या पुस्तकात त्यांनी मांडलं की थिएटरातली पोरं शेवटपर्यंत खुन्याबरोबर राहत नाहीत. शेवटच्या अर्ध्या तासात ती त्या उरलेल्या मुलीबरोबर पळत असतात, लपत असतात, आणि ती उलटून वार करते तेव्हा तिच्यासाठी ओरडतात. 'फायनल गर्ल' हा शब्द त्यांचाच.

मला दोघांचंही पटतं, आणि हे गुळमुळीत उत्तर नाहीये. क्लोव्हरबाई पडद्यावरच्या गोष्टीबद्दल बोलतायत आणि त्या बरोबर आहेत. आमच्या हॉस्टेलवर शेवटी सगळे त्या मुलीलाच "मागे बघ, मागे बघ" म्हणून ओरडायचे. पण थेअरीने सेटवरचा हिशोब बदलत नाही. 'स्लंबर पार्टी मॅसकर'चंच घ्या. १९८२ चा सिनेमा. लेखिका रीटा मे ब्राऊन, नावाजलेली स्त्रीवादी कादंबरीकार. तिने स्लॅशरची टिंगल करणारी पटकथा लिहिली होती. दिग्दर्शिका एमी होल्डन जोन्स, जिने स्पीलबर्गच्या 'ई.टी.'च्या संकलनाचं काम सोडलं, का तर स्वतःचा सिनेमा करायला मिळत होता. पैसा रॉजर कॉर्मनच्या गोटातला, आणि तिथे टिंगल विकायची नव्हती, नेहमीचा माल विकायचा होता. त्यामुळे सिनेमा विचित्र झालाय. एका क्षणी शॉवरमधल्या मुलींवरून कॅमेरा निवांत फिरतो, आणि दुसऱ्या क्षणी लांबलचक ड्रिल घेऊन फिरणाऱ्या खुन्याच्या ड्रिलचं टोकच एक मुलगी कोयत्याने उडवते. दोन बायकांच्या हातात गोष्ट होती, तरी शॉवरचा सीन आलाच. तो गोष्टीने मागितला नव्हता, तो पैसे लावणाऱ्याचा होता.

आपल्याकडे हे वारं थोडं वेगळं आलं. रामसे बंधूंनी १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला जाऊन केला, तोही सगळी कामं घरातच वाटून: एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, दोघं दिग्दर्शनाला. पण त्यांचा जीव भुतांत आणि हवेल्यांत होता, स्लॅशरमध्ये नाही. मराठीत स्लॅशरचा सगळ्यात लाडका वंशज म्हणजे तात्या विंचू. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३ चा, आणि गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'वरून आलेली. रामदास पाध्येंचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या, समोर लक्ष्या. आपण पोरं त्या बाहुल्याला घाबरलो आणि हसलो, आणि त्यात कोणा मुलीचा पाठलाग करत कॅमेरा न्हाणीघरात गेला नाही. हे मी अभिमानाने वगैरे सांगत नाहीये. एवढंच की दुसरा रस्ता होता.

आता आजचं. २०२२ मध्ये डेमियन लिओनीचा 'टेरिफायर २' अडीच लाख डॉलरमध्ये आला. त्यातले काही पैसे प्रेक्षकांनीच ऑनलाइन वर्गणी काढून दिले होते. एक कोटी डॉलरच्या वर कमावले. परत तेच मथळे: बघा, एवढ्याशा पैशात! इफेक्ट बहुतेक सगळे हाताने केलेले, दिग्दर्शक स्वतःच रबर ओतणारा. सिनेमा मला लांबला असं वाटलं, सव्वादोन तासांचा स्लॅशर कोण बघतं? पण मेहनत दिसते. मी सध्या असे मथळे वाचले की एकच प्रश्न विचारतो: सेटवर झोप किती तास मिळत होती?

शेवटी एक कोर्टकेस सांगतो आणि थांबतो, कारण या सगळ्या हिशोबात कोणीतरी परत जाऊन बिल मागितलं, असं हे एकच उदाहरण मला सापडलंय.

'फ्रायडे...'च्या पटकथेचे व्हिक्टर मिलरला १९७९ मध्ये सव्वानऊ हजार डॉलरच्या आसपास मिळाले होते. त्यावर मालिका उभी राहिली, खेळणी आली, व्हिडिओ गेम आला. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे: पस्तीस वर्षांनी लेखक आपले हक्क परत मागू शकतो. पण एक अट आहे. तो पगारी नोकर असेल तर नाही. स्वतंत्र कंत्राटदार असेल तरच. २०१६ मध्ये मिलरने नोटीस दिली. कंपनी म्हणाली, तू तर आमचा कर्मचारी होतास! ज्याला कर्मचाऱ्याचे कुठलेही फायदे दिले नव्हते, तो हक्कांच्या वेळी अचानक कर्मचारी झाला. २०१८ मध्ये खालच्या कोर्टाने आणि २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने मिलरच्या बाजूने निकाल दिला. मधल्या काळात तो गेम अडकला, नवीन काही देणं २०१८ मध्येच थांबलं. तुमच्यापैकी कोणी तेव्हा तो खेळत असेल तर अपडेट का बंद झाले त्याचं कारण हे.

पण मिलरला मिळाले ते पहिल्या पटकथेचे, फक्त अमेरिकेपुरते हक्क. आणि पहिल्या सिनेमात जेसन खुनी नाहीच. तो तळ्यात बुडालेला एक लहान मुलगा आहे. खून त्याची आई करते. हॉकीचा मुखवटा घातलेला धिप्पाड जेसन आला तो १९८२ च्या तिसऱ्या भागात. तो मुखवटेवाला कोणाचा, यावर कोर्टाने निकाल दिला नाही. आणि तो मुखवटा तर कोणा लेखकाने लिहिलेलाच नव्हता. सेटवर प्रकाशाची चाचणी घ्यायची होती, त्यासाठी तासभर मेकअप करत बसायचा सगळ्यांना कंटाळा आला होता, आणि थ्रीडीचं काम बघणारा युनिटमधला एक जण हॉकीवेडा होता. त्याच्या बॅगेत गोलकीपरचा मुखवटा होता, तोच काढून चढवला.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला.